समुद्राचे जाणते कोण?

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये, आर्नहेम लँडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्लू मड बे नावाचा उपसागर आहे. 1996 साली तेथील योल्ङू या मूलनिवासी लोकांना आपल्या एका पवित्र स्थळी चोरून मासेमारी करणाऱ्यांचा तळ आढळला, आणि तेथेच एका मगरीचे छाटलेले मुंडकेही सापडले. तेथील मडर्पा कुळाच्या दृष्टीने मगर ही त्यांची पूर्वज आहे. या कुळाचे नेते आणि चित्रकार जंबावा मारावीली यांनी पुढाकार घेतला आणि परिसरातील 47 चित्रकारांनी झाडाच्या सालीवर 80 चित्रे काढली. ती शोभेसाठी काढलेली नव्हती. कोणत्या कुळाचे पाणी कोठून कोठवर, नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला कोठे मिळते, कोणता खडक कोणत्या पूर्वजाच्या प्रवासातला, हे सारे त्यांत परंपरेने ठरलेल्या रेखांकनातून मांडलेले होते. समुद्रावरील मालकीची कागदपत्रेच त्यांनी जगासमोर ठेवली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे हा वाद न्यायालयात गेला. 1976 च्या आदिवासी जमीनहक्क कायद्याने या भागातील जमीन ओहोटीच्या रेषेपर्यंत आदिवासी न्यासांना दिली होती. मात्र भरतीच्या वेळी त्याच जमिनीवर जे पाणी चढते, त्या पाण्यात शिरण्यासाठी कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न तसाच राहिला होता. सरकारचे म्हणणे असे की मासेमारीचा परवाना असला की पुरे. 30 जुलै 2008 रोजी हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय आहे) पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की मासेमारीचा परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरील पाण्यात शिरण्याचा परवाना नव्हे. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे 80 टक्के किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या पट्ट्याला हा निकाल लागू झाला.

किनारा व्यवस्थापनाविषयी वाचताना मी या खटल्याकडे वारंवार परत येतो, आणि त्याचे कारण निकालाहून वेगळे आहे. खटल्याच्या सुनावणीचा काही भाग ब्लू मड बेच्या काठावरील यिल्पारा या वस्तीत झाला. तेथे दोन प्रकारचे तज्ज्ञ न्यायाधीशांसमोर आले. एका बाजूला हॉवर्ड आणि फ्रान्सिस मॉर्फी हे मानववंशशास्त्रज्ञ दांपत्य, ज्यांनी या समाजात अनेक वर्षे काम केले होते. दुसऱ्या बाजूला कुळांतील ज्येष्ठ मंडळी, ज्यांच्याकडे पदवी नव्हती पण बोलण्याचा अधिकार होता. ज्येष्ठांचे म्हणणे न्यायालयाच्या भाषेत कसे बसते, हे दाखवून देणे एवढेच पहिल्या प्रकारच्या तज्ज्ञांचे काम होते. त्या समुद्राबद्दल मूळ विधान करणे हे त्यांचे काम नव्हते. ही मर्यादा ज्यांना उमगते तेच या क्षेत्रात खरे कामाचे ठरतात, असे माझे मत आहे, आणि पुढील उदाहरणे मी त्याच दृष्टीने निवडली आहेत.

‘सी कंट्री’ ही संज्ञा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कागदपत्रांत आता रुळली आहे. डर्मोट स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1990 च्या दशकापासून या विषयावर सातत्याने लिहिले. किनारपट्टीच्या मूलनिवासींच्या दृष्टीने जमीन पाण्याच्या काठाशी संपत नाही. समुद्रतळ, प्रवाळ, प्रवाह, त्यांत फिरणारी कासवे, त्यांची गाणी आणि त्यांबाबतची कर्तव्ये हे सारे मिळून एकच ‘कंट्री’ होते, हा त्यातला गाभा आहे. आता व्यवस्थापनाचा आराखडा घेऊन आलेल्या अधिकाऱ्याची खरी अडचण येथे सुरू होते. योल्ङू समाजात माणसाची जमीन आणि तिला जोडलेला समुद्र वडिलांच्या कुळाकडून येतो, परंतु आजोळच्या जमिनीबाबतही त्याच्यावर जबाबदारी असते, आणि ती नुसती जिव्हाळ्याची नसते. कुळातील स्त्रियांची मुले त्या कुळाच्या जमिनीची, समुद्राची आणि विधींची राखणदार असतात, आणि मालकांनी काही गैर केले तर त्यांना अडवू शकतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील कार्पेंटारियाच्या आखातातील यान्युवा लोकांमध्येही मालक आणि राखणदार अशी विभागणी आहे. म्हणजे एखाद्या खाडीबाबत मालक कुळाच्या प्रमुखाची सही घेऊन अधिकारी समाधानाने परतला, तर त्याने निम्मेच काम केले आहे, आणि कदाचित चुकीच्या माणसाला अडचणीत टाकले आहे. सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे शिकवले जाणे कठीण. ते तेथील माणसांत वावरूनच कळते.

डुगाँगचे उदाहरण घेण्यासारखे आहे. समुद्रगवतावर जगणारा हा सस्तन प्राणी सत्तर वर्षांपर्यंत जगतो, पण मादी काही वर्षांच्या अंतराने एकाच पिल्लाला जन्म देते. त्यामुळे प्रौढ प्राणी थोडे जरी जास्त मारले गेले तरी संख्या घसरू लागते. जेम्स कुक विद्यापीठाच्या हेलेन मार्श यांनी 1980 च्या दशकापासून विमानातून डुगाँगची गणना करण्याची पद्धत विकसित केली. वरून पाहणाऱ्याला पाण्याखाली असलेले सगळे प्राणी दिसत नाहीत. पाणी जितके गढूळ, तितके ते अधिक निसटतात. म्हणून दिसलेल्या संख्येत पाण्याचा गढूळपणा आणि खोली पाहून दुरुस्ती करावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत जगातील सर्वांत मोठी डुगाँगसंख्या आहे हे अशाच पाहण्यांतून पुढे आले. पण ही गणना काही वर्षांतून एकदा होते, तर शिकारी दर भरतीला पाण्यात असतो. कोणत्या महिन्यात कोणते गवत जळाले, प्राणी पुष्ट आहेत की रोडावलेत, हे त्याला प्राणी कापतानाच कळते. विमानातून यातले काहीही दिसत नाही. उलट, दोनशे किलोमीटर दूरच्या गवताकडे कळप निघून गेले की संख्या खरोखर घटली, हे एका गावच्या शिकाऱ्याला सांगता येत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. यात मला कोणताही भाबडेपणा दिसत नाही, हा साधा हिशेब आहे.

शिकारीचा विषय निघाला की दुरून पाहणारे लोक फार लवकर निवाडा देतात. ऑस्ट्रेलियाच्या 1993 च्या नेटिव्ह टायटल (म्हणजे मूलनिवासींचे परंपरागत हक्क) कायद्यातील कलम 211 नुसार परंपरागत मालकांना स्वतःच्या घरगुती, सामाजिक आणि विधींच्या गरजांसाठी शिकार करता येते, प्राणी संरक्षित असला तरीही. ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात सत्तरहून अधिक परंपरागत मालक गट आहेत. तेथे सरकारने वरून बंदी घालण्याऐवजी वेगळा मार्ग काढला. गटाने स्वतःचा समुद्र कसा वापरायचा याचा करार स्वतः लिहायचा आणि सागरी उद्यानाच्या प्राधिकरणाने व राज्य सरकारने त्याला मान्यता द्यायची. असा पहिला करार 2005 साली क्वीन्सलँडच्या कार्डवेल परिसरातील गिरिंगुन संस्थेतील समुद्रकाठच्या गटांनी केला. डुगाँगची शिकार थांबवायची आणि हिरव्या कासवांची मर्यादित ठेवायची, असे त्यांनी ठरवले. कायद्याने दिलेला हक्क कायम ठेवूनच त्यांनी तो आपल्या इच्छेने आवरता घेतला. या साऱ्यात बाहेरच्या तज्ज्ञांनी काय केले, तर संख्येचे आकडे समजतील अशा रीतीने मांडले आणि बैठकीतून बाहेर गेले. कधी बाहेर जायचे हे कळणे ही छोटी गोष्ट नाही.

कार्पेंटारियाच्या आखातातील भटक्या जाळ्यांची कथा मी थोडक्यात सांगतो. आराफुरा समुद्रात तुटलेली वा टाकून दिलेली मासेमारीची जाळी प्रवाहाबरोबर आखातात येतात, तेथे गोल फिरत राहतात आणि कासवांना अडकवतात. 2004 पासून आखाताच्या किनाऱ्यावरील मूलनिवासी रेंजर गटांनी एकत्र येऊन ती काढण्याचे आणि प्रत्येक जाळ्याची नोंद ठेवण्याचे काम हाती घेतले. धाग्याची जाडी, छिद्राचा आकार, कोठे सापडले, त्यात काय अडकले होते, अशा त्या नोंदी. सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्या प्रवाहांच्या संगणकीय प्रारूपाशी जोडल्या, तेव्हा जाळी कासवांपर्यंत पोहोचण्याआधी कोठे अडवावीत हे सांगता येऊ लागले. अशा शोधनिबंधांवर नावे कोणाची येतात, हा प्रश्न मात्र मला नेहमी सतावतो. उन्हात जाळे कापणाऱ्याचे नाव बहुधा आभारप्रदर्शनात असते.

आता वाईट उदाहरणाकडे यावे लागेल, कारण त्याशिवाय हा विषय गोडगोड वाटेल. नॉर्दर्न टेरिटरीच्या किनाऱ्यापलीकडील तिवी बेटांच्या उत्तरेस, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, सांतोस कंपनीचा बारोसा वायुप्रकल्प आहे. मुनुपी कुळाचे ज्येष्ठ डेनिस तिपाकालिप्पा यांनी न्यायालयात सांगितले, की वायूच्या विहिरी खोदण्याच्या योजनेबाबत आपल्याला कोणी विचारलेच नाही. सप्टेंबर 2022 मध्ये फेडरल कोर्टाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि नियामक संस्थेने दिलेली मंजुरी रद्द ठरवली. डिसेंबरमध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. इतक्या दूरच्या समुद्राशीही एखाद्या कुळाचा संबंध असू शकतो आणि तो कंपनीने विचारात घेतलाच पाहिजे, हे या निकालाने स्थापित झाले. तिवींसाठी हा मोठा विजय होता.

त्यानंतर याच प्रकल्पाच्या पाइपलाइनविरुद्ध दुसरा दावा झाला, आणि तेथे तज्ज्ञांनीच घात केला. समुद्रतळावर पूर्वजांच्या प्रवासमार्गांचे नकाशे काढण्यासाठी बेटावर बैठका घेण्यात आल्या होत्या. जानेवारी 2024 च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटले, की या नकाशाच्या प्रक्रियेत इतका सचोटीचा अभाव होता की तिच्यावर अजिबात विसंबून राहता येत नाही. नकाशा काढणाऱ्या तज्ज्ञाने तिवी लोकांना खरे सांगितले नव्हते आणि न्यायालयालाही नाही, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. एका बैठकीत तर सूक्ष्मपणे पढवल्याचे लक्षण त्यांना दिसले. दावा फेटाळला गेला. हे वाचताना मला सर्वांत जास्त राग आला तो याचा, की किंमत मोजली ती तिवी लोकांनी. त्यांच्या समुद्रावरील श्रद्धा बनावट असल्याची कुजबुज सुरू झाली, आणि पुढच्या प्रत्येक समाजाला आपली कथा सांगताना आता या निकालाची सावली ओलांडावी लागेल. मदत करण्याच्या उत्साहात समोरच्याच्या तोंडी शब्द घालणारा माणूस आणि त्यांना न विचारता आराखडा करणारा माणूस यांत, मला वाटते, अंतर फार थोडे आहे. दोघांनाही दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही.

या प्रश्नावर कागदोपत्री उपाय होऊ लागले आहेत. 2020 मध्ये सीएसआयआरओ आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींची व्यवस्थापन संस्था नैल्स्मा यांनी मूलनिवासींच्या नेतृत्वाखाली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ज्ञान कोणाकडे राहील, कोणती गोष्ट जाहीर करायची नाही, संशोधनाचा फायदा कोणाला, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवा, असा त्यांचा आग्रह आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने सागरी क्षेत्राचा समावेश असलेल्या मूलनिवासी संरक्षित क्षेत्रांसाठी 1 कोटी 16 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले. अशी संरक्षित क्षेत्रे 1998 पासून आहेत, आणि आर्नहेम लँडमधील नुलुनबायजवळच्या धिमुरू संस्थेने 2000 साली घोषित केलेल्या क्षेत्रात जमिनीबरोबर समुद्राचाही भाग घेतला होता. मात्र हा प्रकार स्वेच्छेच्या करारावर चालतो. त्यातून आराखडा, नौका आणि पगार मिळतो. बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटीला थांबवून झडती घेण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही. तो मत्स्यव्यवसाय किंवा सागरी उद्यानाच्या वेगळ्या कायद्याखाली, प्रशिक्षण घेतल्यावर आणि सरकारने नेमल्यावर मिळतो. काही रेंजर्सना तो मिळाला आहे. बाकीच्यांनी बोटीचा क्रमांक टिपायचा, छायाचित्र घ्यायचे आणि तासन्‌तास दूर असलेल्या पोलीस चौकीला कळवायचे.