कातडीचा तुकडा सपाटच हवा

परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून संशोधनासाठी अमेरिकेत येणाऱ्यांना इथे ‘कोअर फॅसिलिटी’, म्हणजे सगळ्या लॅबसाठीची सामायिक प्रयोगशाळा, भेटते. महागडी यंत्रं, ती चालवणारी मुरलेली माणसं, आणि तासाला किंवा स्लाइडला ठरलेला दर. कुठल्याही लॅबने नमुना द्यावा. प्रोटोकॉल नंबरशिवाय मात्र बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. आपल्याकडच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी असते, तसंच ते.

पण कोअर कितीही भारी असलं तरी नमुना आपणच बिघडवून नेलेला असतो. उंदराची कातडी काढल्या काढल्या पापडासारखी गुंडाळते. ती फिल्टर पेपरवर केस वर ठेवून हलकेच पसरा, मिनिटभर चिकटू द्या, मगच फॉर्मॅलिनमध्ये सोडा. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट. २४ ते ४८ तास, मग ७० टक्के अल्कोहोल. जास्त दिवस मुरवलं की प्रथिनं दाखवणारी अँटिबॉडी नीट लागत नाही. डोक्याची बाजू पेन्सिलीनेच लिहा, पेनची शाई अल्कोहोलात धुऊन जाते. पट्टी केसांच्या दिशेने, डोक्याकडून शेपटीकडे कापायची. आडवी कापली तर मुळाचे नुसते गोल ठिपके दिसतात आणि केस किती खोल गेलाय ते कळतच नाही.

वय हा दुसरा घोळ. उंदराच्या पाठीचे केस सुरुवातीला जवळजवळ एकाच वेळी वाढतात आणि थांबतात: चौथ्या-पाचव्या आठवड्यात वाढ, साधारण सातव्यापासून बाराव्यापर्यंत लांबलचक विश्रांती. काळ्या उंदराची पाठ भादरली की विश्रांतीत कातडी गुलाबी दिसते, वाढीत करडी-काळी. पांढऱ्या उंदरात ही सोय नाही. म्हणून जनुक बदललेल्या उंदराच्या तुलनेला त्याच वेताचं, त्याच लिंगाचं भावंड घ्या, नाहीतर केसांचं चक्र मागे-पुढे असेल आणि आपण जनुकाला दोष देत बसू. मिशा आणि तोंडावरचे केस गायब असतील तर आधी पिंजऱ्यातल्या सोबत्याकडे बघा, काळे उंदीर एकमेकांचे केस कुरतडतात.

कातडीतून उडणारं पाणी मोजायचं असेल तर केस काढायची क्रीम नको. ती वरचा थरच दुखावते. आदल्या दिवशी मशीनने भादरा. खोलीचं तापमान आणि आर्द्रता रोज सारखी ठेवा. मे महिन्यात परभणीत कूलर लावून घेतलेले आकडे जुलैच्या आकड्यांशेजारी मांडण्यात काही अर्थ नाही.