चार कामं सुयांवर, दोन मुलं पायाशी

घरात लहान मुलं असली की एका वेळी एकच विणकाम हातात घ्यावं, असं मला जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं होतं. सासूबाईंनी सांगितलं, आईने सांगितलं, लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या काकूंनीही सांगितलं. गेल्या गणपतीपासून संक्रांतीपर्यंत माझी चार कामं एकदम सुयांवर होती. घरात साडेपाच वर्षांची लेक, दीड वर्षाचा मुलगा आणि फोर्टमधली नोकरी. त्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे मुलुंडला आलेली. चारातली तीन कामं वेळेत झाली, आणि ती एकदम चालू होती म्हणूनच झाली. हे कसं जमलं ते सविस्तर लिहिते, कारण "मुलं मोठी होऊ देत, मग विणेन" म्हणत सुया माळ्यावर टाकलेल्या खूप जणी मला माहीत आहेत.

आधी ती चार कामं सांगते. पहिलं नणंदेचा बाळंतविडा: टोपडं, मोजे, पुढून उघडणारं स्वेटर. डिसेंबरच्या सुरुवातीची तारीख होती. दुसरं बाबांचं स्वेटर. बाबा निफाडला राहतात आणि तिथे थंडीत पारा एक आकडी होतो, त्यामुळे ते काही हौसेचं काम नव्हतं. तिसरं लेकीचं पांघरूण, सुती धाग्याचे चौकोन विणून शेवटी जोडायचे. चौथी माझी स्वतःची जाळीची शाल.

मूल लहान असतं तेव्हा वेळ अजिबात नसतो असं नाही. वेळ असतो, पण तुकड्यातुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जातीचा असतो. लोकलमध्ये हात मोकळे असतात, पण कोपर हलवायला जागा नसते. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात बाकावर बसते तेव्हा जागा भरपूर, पण नजर घसरगुंडीवर. रात्री दोघं झोपली की शांतता मिळते, पण डोळे थकलेले असतात आणि धाकटा कधीही उठू शकतो. एकच काम असलं तर ते यातल्या एखाद्याच वेळेला जुळतं आणि बाकीचा वेळ नुसता जातो. जाळीची वीण घसरगुंडीसमोर बसून होत नाही. लहान मुलांच्या आईने काम निवडताना नमुना किती सुंदर आहे हे नंतर बघावं. हे काम मध्येच टाकून उठता येईल का, हे आधी बघावं.

बाबांचं स्वेटर लोकलला दिलं. मी ठाण्याहून सुटणारी स्लो पकडते, मुलुंडला बायकांच्या डब्यात बहुतेक बसायला मिळतं. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत येते आणि कुर्ल्यापर्यंत डबा गच्च भरतो, म्हणून विणायला लांब सरळ सुया चालत नाहीत. शेजारणीला टोचतात, आणि हातातून सुटली तर पायांच्या गर्दीत सापडायची नाही. दोन टोकांना सुया आणि मध्ये वायर असलेली गोल सुई घेतली. स्वेटर गळ्यापासून खाली विणायला घेतलं. सुरुवातीला खांद्याच्या चार रेषांवर टाके वाढवत जायचे, बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे आणि मग पाठ-पोट एकत्र गोल गोल विणत उतरायचं. साधी वीण गोल विणताना उलट टाका येतच नाही, सगळे सुलट. तेवढं खिडकीबाहेर बघतही होतं. टाके वाढवण्याचा भाग मात्र मी घरीच, रविवारी दुपारी केला. तिथे मोजावं लागतं, आणि कोणी "भांडुप गेलं का?" विचारलं की मोजणी गेली.

इथे सुयांच्या नंबराबद्दल एक सांगते, कारण हल्ली व्हिडिओ बघून विणणाऱ्यांचं इथे हमखास फसतं. आपल्याकडच्या दुकानांत चालतात ते नंबर जुने ब्रिटिश आहेत. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यात ८ नंबर लिहिलं असेल तर ती सुई ५ मिलिमीटरची असते, आणि तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते. म्हणून नंबर न बघता मिलिमीटर बघावेत. बाबांचं ८ नंबरवर, बाळाचं चार पदरी लोकरीचं काम ११ नंबरवर.

लेकीचे चौकोन आवारातल्या बाकासाठी. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे दोन ओळींची एक वळी दिसते. मध्येच उठावं लागलं तरी वळ्या मोजल्या की कुठे होते ते कळतं, कागद-पेन्सिल लागत नाही. चौकोन पर्समध्ये मावतो. मी सुती धागा घेतला, कारण मुंबईत जानेवारीतही पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली जातो. लोकरीचं पांघरूण इथे मूल पायाने ढकलून देतं. शिवाय लेकीला प्रत्येक चौकोनाचा रंग निवडायला मिळाला. आईच्या हातातलं एक काम आपलं आहे हे कळल्यावर ती माझ्या बाकीच्या पिशव्यांना हात लावायची थांबली, याचा मला फार उपयोग झाला.

पिशव्यांचं सांगायलाच हवं, कारण सगळा कारभार त्यांच्यावर चालला. प्रत्येक कामाला जुन्या सुती साडीचा एक बटवा शिवला आणि दाराजवळच्या खुंट्यांवर, धाकट्याचा हात पोचणार नाही इतक्या उंच टांगला. पावसाळ्यात मुंबईत प्लास्टिकच्या पिशवीत लोकर फार दिवस कोंबून ठेवली की कुबट वास धरते, म्हणूनही कापडी. प्रत्येक बटव्यात त्या कामाची सुई, चालू गुंडा, टाके उचलायला क्रोशाची सुई, बोथट मोठी सुई, दोन सेफ्टी पिना आणि एक चिठ्ठी. एका कामाची सुई दुसऱ्याला वापरायची नाही. सुया फार महाग नसतात, पण ऐन वेळी सुई शोधण्यात मिळालेली वीस मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत.

चिठ्ठीवर झालेली ओळ लिहायची नाही, पुढची लिहायची. "२४ झाली" असं लिहिलं की चार दिवसांनी उघडल्यावर २४ पूर्ण झाली की अर्धी, हा विचार सुरू होतो. "आता २५, उलट, दोन्ही टोकांना एक टाका कमी" असं लिहिलं की बसताच हात चालू होतो. ही चिठ्ठी उठताना लिहिण्यात अर्थ नाही, कारण उठणं आपल्या हातात नसतं. मूल पडतं, कुकरची शिट्टी होते. ओळ सुरू करतानाच पुढची लिहून ठेवायची.

बाळंतविडा मात्र मी मुलांच्या आसपास असताना विणलाच नाही. सकाळी घर उठायच्या आधी, ओट्याजवळच्या दिव्याखाली. छोटं काम नाजूक असतं, ओळी थोड्या असल्या तरी प्रत्येक ओळीत काहीतरी करायचं असतं. नवजात बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर घेराचं असतं. विणलेलं टोपडं ताणतं, म्हणून घेर ३०-३२ ठेवला. मोज्यांच्या आतल्या बाजूला लोंबणारे दोरे ठेवायचे नाहीत, ही गोष्ट मी फार गंभीरपणे घेते. सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ नुसतं रडत राहतं, कोणाला कारण कळत नाही. म्हणून प्रत्येक शेवट विणीत दोन दिशांनी ओवून घेतला, आणि मोजे उलटे करून आतून स्वतःचं बोट फिरवून बघितलं. टोपड्याला लांब बंद लावले नाहीत. स्वेटरची बटणं भुलेश्वरहून आणली, छोटी आणि सपाट, आणि खाली दोऱ्याचा देठ करून दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवली.

सासूबाईंनी माझ्या मुलांच्या वेळची दुपटी आणि कुंची ट्रंकेतून काढली तेव्हा त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे नवजात बाळाला तसेच घालू नयेत. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ जोरात वाढते. हे मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं, आणि त्यांनी वाद न घालता सगळ्या गोळ्या घराबाहेर टाकल्या. रांगतं मूल घरात असताना तोंडात जाण्याचा धोका वेगळाच. कपडे गरम पाण्यातून काढून ऑक्टोबरच्या कडक उन्हात कितीतरी वेळा वाळवले, तेव्हा वास गेला. आता ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला असतो.

ऑक्टोबरअखेर दोन गोष्टी एकदम झाल्या. डिंक, खारीक, अळीव यांची तयारी सुरू झाली आणि दुपारभर मुलांना सांभाळणाऱ्या आईंचे हात त्यात गुंतले. मग पाळणाघरातून धाकटा हात-पाय-तोंडाची पुरळ घेऊन आला. आधी त्याला, मग लेकीला. नणंदेला लागण नको म्हणून तिला वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे झोपायला पाठवलं. त्या दिवसांत ताप, तोंडातले फोड आणि रात्रभर खांद्यावर मूल. एकही टाका विणला नाही, आणि विणायला नकोच होता.

त्यातून बाहेर आल्यावर मी खुंट्यांसमोर उभी राहिले आणि शाल बाजूला काढली. सोडून दिली नाही, व्यवस्थित झोपवली. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवला, सगळे टाके एकेक करून त्यावर घेतले, टोकांना गाठ मारली, चिठ्ठी सेफ्टी पिनने शालीलाच लावली आणि बटवा कपाटात ठेवला. जाळीच्या कामात असा दोरा मी एरवीही नमुन्याच्या प्रत्येक फेरीअखेर घालते. खाली कुठे चुकलं तर उसवताना टाके त्या दोऱ्यापाशी थांबतात. कित्येक जणी इथे एकतर हट्टाने सगळंच ओढत राहतात किंवा सगळंच बंद करतात. चारातलं एक काम नीट झोपवलं की बाकीच्या तिघांना श्वास मिळतो.

धाकटा बरा झाल्या झाल्या त्याने एका संध्याकाळी बाकावर ठेवलेल्या पिवळ्या चौकोनातून सुई सर्रकन ओढून काढली आणि ती उंच धरून माझ्याकडे बघून हसला. सुती धागा गुळगुळीत असतो, लोकरीसारखा एकमेकांना धरून राहत नाही. ओढाताण झाली तर टाके भराभर खाली उतरतात. आधी त्याच्या हातातली सुई काढून घेतली. मग चौकोन मांडीवर सपाट ठेवला, ताणला नाही. पर्समधली १२ नंबरची बारीक सुई काढली आणि उजवीकडून डावीकडे एकेक फास तिच्यावर नुसता घेत गेले. बारीक सुई फासात न ताणता शिरते. सगळे वर आल्यावर मग बघितलं कोणता फास पिळलेला आहे. दोन होते, ते पुढची ओळ विणताना मागून विणून सरळ केले. एक टाका दोन वळ्या खाली गेला होता, तो क्रोशाच्या सुईने शिडीसारखा वर आणला. लेक शेजारी श्वास रोखून बघत होती. "मोडलं नाही?" तिने विचारलं. म्हटलं, सुई निघाली म्हणून विणलेलं मोडत नाही.

बाळ तारखेच्या थोडं आधीच आलं. मुलगी. बाळंतविडा तयार होता, धुऊन, वाळवून. बाराव्या दिवशी बारशाला तिने ते टोपडं आणि स्वेटर घातलं. एरवी मुंबईत पंखा बंद करावा लागला की तीच थंडी, पण त्या आठवड्यात सकाळी खरोखर थंडी होती. चौकोन नाताळच्या सुट्टीत जोडले. सासूबाई आणि मी दोघी मिळून शिवले, मध्ये बाळ-बाळंतिणीचं सगळं बघत. लोकर कमी पडू नये म्हणून बाबांच्या स्वेटरसाठी मी सुरुवातीलाच एका लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, जास्तीची लोकर घेतली होती. लेबलवरचा लॉट नंबर वेगळा असेल तर रंगात फरक दिसतो, आणि नंतर तोच लॉट मिळेल याचा भरवसा नसतो. दोन्ही बाह्या शेवटी एकाच लांब गोल सुईवर, दोन गुंड्यांनी शेजारीशेजारी विणल्या, म्हणजे दोन्हींची लांबी आपोआप सारखी येते.

स्वेटर निफाडला गेलं आणि बाबांचा फोन आला. अंगात मस्त बसतंय, ऊबही आहे, पण सायकलवर हात पुढे केला की मनगट उघडं पडतं, बाही जरा लांब हवी. ते गळ्यापासून खाली विणलेलं असल्याने काही अडलं नाही: मनगटाची पट्टी उसवायची, टाके सुईवर घ्यायचे, हवी तेवढी बाही उतरवायची आणि पट्टी पुन्हा दोन सुलट, दोन उलट. त्याच लॉटचा एक गुंडा शिल्लक आहे. मळ्यातली पहाटेची थंडी सरली की भाऊ इकडे येताना स्वेटर घेऊन येईल, आणि लोकलचा बटवा सध्या त्यासाठी रिकामा ठेवलाय.