हात धरले की प्रार्थना थांबते

प्रभूची प्रार्थना म्हणताना शेजाऱ्याचा हात हातात घेण्याची पद्धत अनेक चर्चमध्ये रुळली आहे. तिच्यामागे आपुलकी असते हे खरे. पण सांकेतिक भाषेत प्रार्थना करणाऱ्या कर्णबधिर माणसाचे हात धरणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे होय. ‘डोळे मिटून प्रार्थना करू या’ या आवाहनाचेही तसेच आहे, कारण डोळे मिटताच समोरच्या खुणा दिसेनाशा होतात आणि त्यामुळे ही मंडळी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करतात. दुभाषकाला कडेला, अंधुक उजेडात उभे केले, तर त्यांना वेदीवरची तरी नजर काढावी लागते किंवा शब्द तरी सोडावे लागतात. धर्मगुरू स्वतः सांकेतिक भाषेत मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना) अर्पण करत असतील, तर हातांत भाकर असताना एका हाताने खुणा करायच्या की भाकर आधी खाली ठेवायची, हेही ठरवावे लागते.

ख्रिस्ती उपासना नुसत्या वाणीची कधीच नव्हती. रोमच्या भुयारी दफनभूमींतील भित्तिचित्रांत हात पसरून उभे राहिलेले प्रार्थनामग्न भाविक दिसतात, आणि इ. स. ३२५च्या नायसिया येथील चर्चच्या परिषदेने रविवारी गुडघे न टेकता उभ्यानेच प्रार्थना करावी असा नियम घातला. मौन पाळणाऱ्या मठांत खुणांची परंपरा होतीच. १६व्या शतकात स्पेनमधील बेनेडिक्टाइन संन्यासी पेद्रो पोन्से दे लिऑन यांनी कर्णबधिर मुलांना शिकवले, तर १८व्या शतकात पॅरिसमध्ये दोन कर्णबधिर बहिणींना धर्मशिक्षण मिळावे या तळमळीतून धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे या कार्याकडे वळले. पुढे कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या १८८०च्या मिलान परिषदेने मौखिक पद्धतीचा, म्हणजे खुणांऐवजी ओठ वाचून बोलायला शिकवण्याचा, कैवार घेतला आणि शाळांतून खुणा हद्दपार होऊ लागल्या.

त्यामुळे सणासुदीला ऐकू येणाऱ्यांच्या गायनवृंदाने एखाद्या गीताच्या शब्दागणिक खुणा पाठ करून त्या तालावर सादर केल्या की मला अवघडल्यासारखे होते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नवाचक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते आणि चेहऱ्यावरील हावभावांनाही व्याकरणात स्थान असते. संडे स्कूलच्या अभिनयगीतांबद्दल तक्रार नाही, कारण ती भाषा असल्याचा दावाच करत नाहीत. येशूसाठीची खूण मात्र पाहण्यासारखी आहे: अमेरिकन सांकेतिक भाषेत एका हाताचे मधले बोट दुसऱ्या हाताच्या तळव्याला, मग दुसऱ्याचे पहिल्याच्या तळव्याला टेकवतात, म्हणजे खिळ्यांच्या जखमाच दाखवतात.

दुभाषक नेमला की आपले काम संपले असे अनेक धर्मग्रामांना (एकेका चर्चच्या भाविकांच्या समुदायांना) वाटते, पण ती वाहतूक एकेरीच राहते. निदान महिन्यातून एका रविवारी बायबलमधील पहिले वाचन कर्णबधिर वाचकाने वेदीजवळ उभे राहून खुणांनी करावे, आणि दुभाषकाने ते आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांसाठी मराठीत उच्चारावे, असे मी आमच्या धर्मग्रामात सुचवले आहे.