एका तारखेचे दोन सूर्योदय

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यूयॉर्कच्या जेएफकेला थेट जायचं ठरलं, तेव्हा आधी पृथ्वीगोल पुढ्यात घेतला आणि दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणला. तो पॅसिफिकवरून जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दोरा सरळ वर चढला आणि जवळजवळ उत्तर ध्रुवाला शिवून पलीकडे उतरला. सिंगापूर १०४ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. मधे तब्बल १७८ अंश, म्हणजे दोन्ही रेखांश गोलावर जवळजवळ समोरासमोर, म्हणून जवळची वाट ध्रुवावरून. अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किलोमीटरच्या फार पलीकडे नसतात, हे लक्षात घेतलं की हा पल्ला केवढा मोठा आहे ते कळतं.

आम्ही मात्र त्या वाटेने गेलोच नाही.

नोव्हेंबरची रात्र होती. बारा वाजून गेल्यावर विमान उडालं आणि समोरच्या पडद्यावरची रेघ ईशान्येला, जपानच्या दिशेने वळली. हा मार्ग हजारएक किलोमीटरने लांबचा. पण थंडीच्या दिवसांत उत्तर पॅसिफिकवर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. जपान मागे पडल्यावर पडद्यावरचा जमिनीसापेक्ष वेग वाढत वाढत १,०९० झाला. इंजिनांच्या आवाजात काडीचा फरक नाही, कपातलं पाणी स्थिर, आणि तरी पाठीवरचा वारा आम्हाला तासाला दोनशे किलोमीटर जादा पुढे नेत होता. मी तो आकडा कितीतरी वेळ बघत बसलो. नकाशावरची जवळची वाट आणि घड्याळातली जवळची वाट वेगळी असते, हे वाचून माहीत होतं. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं.

वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या वर वेळ दाखवला होता, पण तो गेटपासून गेटपर्यंतचा. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. प्रत्यक्ष हवेत आम्ही १७ तास ३५ मिनिटं होतो. एवढा वेळ न थांबता उडायचं तर इंधन अफाट लागतं. आमच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआरच्या (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे अतिलांब पल्ल्याच्या विमानाच्या) टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं, आणि सुरुवातीचं बरंचसं इंधन उरलेल्या इंधनाचं ओझं वाहण्यातच जळतं.

सहा तासांनी जपानच्या पूर्वेला उजाडलं. खिडकीच्या काचेवर बर्फाचे बारीक स्फटिक होते, त्यांवर आधी गुलाबी, मग पिवळा प्रकाश आला. तो दिवस जेमतेम पाच तास टिकला. आम्ही पूर्वेकडे पळत होतो, सूर्य उलट बाजूला. मधेच आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि तारीख एकाने मागे गेली. अलास्का येण्याआधीच अंधार पडला, कॅनडावर पुन्हा मध्यरात्र झाली आणि निघालो होतो तीच तारीख परत सुरू झाली. पहाटे जेएफकेला उतरलो. सामान घेऊन बाहेर आलो, तेव्हा त्याच तारखेचा दुसरा सूर्योदय होत होता.

परतीचं विमान अटलांटिक ओलांडून, युरोपवरून आलं. म्हणजे येतानाही पूर्वेलाच! दोनच उड्डाणांत पृथ्वीला पूर्ण फेरी झाली.