कर्णधार दुसऱ्या श्रेणीत खेळायला येतो तेव्हा

स्वीडनमध्ये राहतो म्हटलं की गावाकडच्या मित्रांचे प्रश्न एकाच नावापाशी येऊन अडकतात. झ्लाटान, म्हणजे स्वीडनचा स्टार फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच. दिसतो का कधी, भेटतो का? झ्लाटान माल्मोचा, आमच्या हेल्सिंगबोर्गपासून रेल्वेनं तासाभरावरचा. पण इथं त्याचं नाव काढलं तर लोक सभ्यपणे मान हलवतात आणि दोन वाक्यांत विषय आंद्रेयास ग्रानक्विस्तवर आणून ठेवतात. मीही आता तेच करणार आहे.

ग्रानक्विस्त हा डिफेंडर, सेंटर-बॅक. जन्म 1985 चा, इथलाच. शहराला लागून असलेल्या पोआर्प नावाच्या छोट्या गावात वाढला. उंच, रुंद खांद्यांचा, धावायला फार वेगवान नाही. त्याच्या ड्रिब्लिंगचे व्हिडिओ शोधत बसलात तर निराश व्हाल. हेल्सिंगबोर्ग क्लबच्या ऑलिंपिया मैदानावर माझ्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त गृहस्थ बसायचे, वर्षानुवर्षांचे सीझन-तिकीटवाले. मी चेंडूमागे मान फिरवत होतो. ते म्हणाले, "चेंडू सोड, त्याच्याकडे बघ." पाच मिनिटं नुसतं त्याच्याकडेच बघितलं. सतत बोलत होता. डाव्या बॅकला हातानं दोन पावलं मागे ओढत होता, पुढच्या मिडफिल्डरला नावानं हाक मारून पुढं ढकलत होता. मग समोरच्यांचा एक लांब पास आला आणि तो जिथं पडणार होता तिथं हा आधीच उभा. डोक्यानं चेंडू परत पाठवला, बस्स. टाळ्याही वाजल्या नाहीत. शेजारच्या आजोबांनी मात्र कॉफीचा कप किंचित वर केला.

त्याची कारकीर्द सरळ रेषेतली नाही. हेल्सिंगबोर्गच्या संघात आला तेव्हा वय विशीच्या आतबाहेर. 2006 मध्ये संघानं स्वीडिश कप जिंकला. त्याच वर्षी याच शहराचा नामवंत फुटबॉलपटू हेन्रिक लार्सन बार्सिलोनाहून घरी परतला होता, त्यामुळे ग्रानक्विस्तनं परत येणं म्हणजे काय ते जवळून पाहिलं होतं. 2007 मध्ये इंग्लंडमध्ये विगनला गेला, तिथं फारसं काही जमलं नाही. मग हॉलंडमध्ये ग्रोनिंगेन. तिथं सूर सापडला, पेनल्टीही घेऊ लागला. पुढं दोन वर्षं इटलीत जेनोआ आणि 2013 पासून पाच वर्षं रशियात क्रास्नोदार. यात एकही क्लब असा नाही की ज्याची जर्सी पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये टांगलेली दिसेल.

राष्ट्रीय संघाचंही तसंच. 2012 आणि 2016 या दोन्ही युरो स्पर्धांत स्वीडन गटातच गारद झालं. 2016 नंतर झ्लाटाननं राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली, कर्णधारपद ग्रानक्विस्तकडे आलं आणि आता यांचं काही खरं नाही असंच बहुतेकांचं मत होतं. त्यात 2018 च्या वर्ल्ड कपच्या प्रवेशासाठी दोन सामन्यांच्या प्लेऑफमध्ये समोर आली इटली. पहिला सामना सोल्नाला 1-0 असा जिंकला. दुसरा 13 नोव्हेंबर 2017 ला मिलानच्या सान सिरोवर. जवळजवळ पूर्ण वेळ चेंडू इटलीकडे, आणि स्वीडनची बचावफळी, मध्यभागी ग्रानक्विस्त आणि लिंडेलॉफ, नव्वद मिनिटं नुसती परतवत राहिली. 0-0. चार वेळचा विजेता इटली 1958 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला मुकला. एरवी लिफ्टमध्येही आवाज न चढवणाऱ्या या लोकांच्या खेळाडूंनी आनंदाच्या भरात मैदानालगतच्या टीव्ही स्टुडिओवर झेप घेऊन त्याचं टेबल मोडलं! त्या वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा 'गुल्डबोलेन' पुरस्कार ग्रानक्विस्तला मिळाला. आधीची सलग दहा वर्षं तो झ्लाटाननं घरी नेला होता.

रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध 65व्या मिनिटाला व्हीएआरवरून, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासण्याच्या पद्धतीवरून, पेनल्टी मिळाली. ती ग्रानक्विस्तनं मारली, सामना 1-0. मेक्सिकोविरुद्धच्या 3-0 मध्येही एक पेनल्टी त्याची. मधल्या सामन्यात जर्मनीच्या क्रोसनं अगदी शेवटी केलेल्या, स्वीडनला हरवणाऱ्या गोलवर आमच्या ऑफिसात आठवडाभर चर्चा चालली होती. तरीही स्वीडन गटात पहिलं आलं, स्वित्झर्लंडला 1-0 हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेलं आणि तिथं इंग्लंडकडून 0-2 हरलं.

पण फिकाच्या टेबलावर, म्हणजे इथल्या रोजच्या कॉफीच्या बैठकीत, जास्त वाद रंगला तो वेगळ्याच गोष्टीवर. त्याच दिवसांत त्याच्या बायकोची बाळंतपणाची तारीख होती. तो रशियात थांबला आणि मुलगी इकडे जन्मली. आपल्याकडे ही बातमी 'देशासाठी त्याग' या मथळ्याखाली छापली गेली असती. इथं प्रत्येक मुलामागे आईबाप मिळून 480 दिवसांची पालकरजा असते, त्यातले 90 दिवस प्रत्येकाला स्वतःच घ्यावे लागतात, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. माझा बॉस बाळासाठी सहा महिने घरी बसला होता आणि कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. अशा देशात कर्णधारानं प्रसूतीला हजर असावं की सामन्याला, हा प्रश्न खराखुरा होता. एक सहकारी म्हणाली, वर्ल्ड कप चार वर्षांनी परत येतो. दुसरा म्हणाला, तेहेतिसाव्या वर्षी नाही येत. मला दोघांचंही पटलं.

आता खरी गोष्ट. स्पर्धा चालू असताना मोठमोठे क्लब त्याच्या मागे असल्याच्या बातम्या येत होत्या. पण त्यानं वर्ल्ड कपच्या आधीच हेल्सिंगबोर्गला शब्द दिला होता. आणि हेल्सिंगबोर्ग तेव्हा कुठं होतं? दुसऱ्या श्रेणीत, सुपरएत्तानमध्ये. 2016 मध्ये क्लब खाली घसरला तेव्हा प्रशिक्षक होते हेन्रिक लार्सन आणि चिडलेल्या समर्थकांतले काही तोंड झाकून मैदानात उतरून त्यांच्या खेळाडू मुलाच्या, जॉर्डनच्या, अंगावर धावून गेले होते. अशा क्लबात हा माणूस वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी खेळून आला. त्याच मोसमात क्लब वरच्या श्रेणीत, ऑलस्वेन्स्कानमध्ये परतला.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात हे बघत वाढलो, त्यामुळे मला इथलं वेड समजावून सांगावं लागलं नाही. स्वीडनमध्ये नियमच असा आहे की क्लबात बहुमत सभासदांच्या हाती राहिलं पाहिजे. कुणी अब्जाधीश येऊन अख्खा क्लब खिशात घालू शकत नाही. तालमीसारखंच. वर्गणी भरा, सभेला या, भांडा. या सभासदांच्याच दबावामुळे स्वीडिश लीगमध्ये व्हीएआर आलेलं नाही. ज्या देशाचा 2018 मधला पहिला गोल व्हीएआरमुळे झाला, त्यानं घरच्या लीगमध्ये ते नको म्हणावं, हे मला अजून गमतीचं वाटतं. पण गोल झाला की लगेच ओरडता येतं, पडद्याकडे बघत ताटकळावं लागत नाही, हे सुख मी चाखलंय. माझं मत सभासदांच्या बाजूनं.

पुढं सगळं गोड झालं असंही नाही. 2020 मध्ये क्लब पुन्हा खाली गेला. ग्रानक्विस्तनं क्रीडा संचालकाची खुर्ची घेतली आणि तरीही परत बूट चढवले. 2021 च्या युरोच्या संघात 36 वर्षांचा हा गडी होता, क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना. राष्ट्रीय संघासाठी 88 सामने, 9 गोल. 2021 च्या शेवटी प्लेऑफमधून क्लब पुन्हा वर आला आणि तो थांबला. पुढच्याच वर्षी क्लब परत खाली.

कुणी या बाजूला येणार असाल तर मोसम एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, युरोपातल्या मोठ्या लीगांच्या उलटा. ऑलिंपिया शहरातच आहे, तिकीट सहज मिळतं. एप्रिलच्या सामन्याला जाड जाकीट घाला, समुद्रावरून येणारा वारा हाडं गोठवतो. अर्ध्या वेळेला पावात घातलेलं सॉसेज आणि कॉफी मिळते. शाकाहारी मंडळींनी घरून काहीतरी खाऊनच निघावं.