घोरणं

रात्री सव्वादोनला इमर्जन्सीतून फोन आला, "मॅडम, श्वासाची नळी टाकावी लागेल बहुतेक. लवकर या."

पलंगावर विशीतला मुलगा होता. ओठ जांभळट, श्वास मिनिटाला चार-पाच, आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशातून जड घरघर. पापणी उचलून टॉर्च मारला, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. हे चित्र मला पाठ आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर फेंटानिल, म्हणजे अफूसारखं काम करणारं जोरदार वेदनाशामक, दिलं की माणसाचा श्वास असाच मंदावत जातो. तेव्हा माझा हात त्याच्या मास्कवर असतो. या मुलाजवळ तसं कुणीच नव्हतं.

मास्क लावून ऑक्सिजन देत राहिलो आणि नॅलोक्सोनचं, म्हणजे अशा औषधांवरच्या उताऱ्याचं, ०.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून सावकाश दिलं. दोन मिनिटांत श्वास बाराच्या वर गेला. त्याने डोळे उघडले, हात झटकला आणि "काय चाललंय?" म्हणून वैतागला. नळी टाकायची गरज उरली नाही.

सोबतच्या मित्राने खूप आढेवेढे घेतल्यावर सांगितलं, "निळी गोळी होती, अर्धीच घेतली." पाकीट नाही, नाव नाही. लघवीतली नशा तपासणारी स्ट्रिप लावली, ती निगेटिव्ह आली.

हवालदार साहेबांना तेवढं पुरेसं वाटलं. "मॅडम, टेस्ट तो निगेटिव आई है, फिर काहे का नशा?" त्यांचा दोष नाही, स्ट्रिपवर विश्वास ठेवणारे डॉक्टरही मी पाहिलेत. पण ही साधी स्ट्रिप मॉर्फिनच्या रेणूची ठेवण ओळखते. अफू, हेरॉइन असेल तर ती बोलते. फेंटानिल, ट्रामाडॉल किंवा हल्ली जगभर धुमाकूळ घालणारी नायटाझीन्स हे सगळे पदार्थ प्रयोगशाळेत घडवलेले, त्यांची ठेवण वेगळी. श्वास मात्र तेही तसाच थांबवतात. नायटाझीन्स तर १९५० च्या दशकात वेदनाशामक म्हणून शोधली गेली आणि औषध म्हणून कधी बाजारात आलीच नाहीत. बाहुल्या आणि नॅलोक्सोनचा गुण, हाच माझ्या हातातला पुरावा होता.

कायद्याला मात्र नाव लागतं. ट्रामाडॉलचंच बघा. एप्रिल २०१८ पर्यंत ती चिठ्ठीवर मिळणारी एक गोळी होती, मग एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आली. रसायनात एखादी साखळी बदलली की यादीबाहेरचा नवा पदार्थ तयार होतो. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्याच इंदूरमध्ये बेकायदा प्रयोगशाळेतून सुमारे नऊ किलो फेंटानिल पकडलं गेलं आणि ते ओळखायला ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची मदत घ्यावी लागली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कपाटातून दोन मिलीची एक अँप्युल काढत होते, त्यात शंभर मायक्रोग्रॅम. सही केली, रिकामी काच परत जमा केली, आणि हिशेब मांडला: नऊ किलो म्हणजे अशा नऊ कोटी अँप्युल. हात थंड पडले होते.

म्हणून त्या रात्री एमएलसीत, म्हणजे पोलिसांसाठीच्या वैद्यकीय नोंदीत, मी सविस्तर लिहिलं. लक्षणं, बाहुल्या, औषधाची वेळ, मिळालेला प्रतिसाद, स्ट्रिप निगेटिव्ह असूनही संशय का कायम आहे, सगळं. रक्त आणि लघवीचे नमुने सील केले, आणि "मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासावे" असं स्पष्ट नमूद केलं; ही तपासणी रेणूच्या वजनावरून पदार्थ ओळखते. हवालदारांनी वाचलं, मान डोलावली.

तेवढ्यात वडील म्हणाले, "आता शुद्धीवर आलाय ना, घरी नेतो. उगाच बोभाटा नको." मी नाही म्हटलं. नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास, गोळीचा त्याहून लांब टिकू शकतो. ते चिडले. मी खुर्ची ओढून मुलाच्या उशाशीच बसले.

चाळीस मिनिटांनी तो पुन्हा घोरायला लागला. वडिलांनी ऐकलं आणि काही न बोलता बाजूला झाले. दुसरा डोस दिला, मग त्याच औषधाची ड्रिप चालू केली, ती दुपारपर्यंत चालली.

इथे एक सांगायला हवं, कारण घाबरून आपण उलट्या टोकाला जातो. याच कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीआधी कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळवायला परवान्यांचं जंजाळ पार करावं लागे, अनेक जण वेदनेतच गेले. फेंटानिल हे माझ्यासाठी फार चांगलं औषध आहे. मोजलेलं, नोंदलेलं, आणि श्वास बघणाऱ्या माणसाच्या हातात.

सकाळी आई दाराशी उभी होती, पदर मुठीत. हळूच म्हणाली, "डॉक्टरबाई, एक विचारू? रात्री तो एवढा घोरत होता. मला वाटलं, दमलाय. मी पांघरूण घातलं त्याच्या अंगावर, आणि दिवा मालवला."

"मग उठलात कशा?"

"घोरणं थांबलं म्हणून."

मी तिचा हात धरला. आत मुलगा झोपला होता, मॉनिटरवर श्वास सोळा. ती तो आकडा बघत राहिली.