फाटकाशी तीनदा थांबलेला माणूस

परळच्या एका रात्रशाळेत मी बारावीला इंग्रजी शिकवतो. मुलं दिवसभर राबून येतात. कुणी कुरिअरची थैली खांद्याला लावूनच बाकावर बसतं, कुणाच्या नखांत ग्रीस असतं. शेवटचा तास साडेनऊला सुटतो, त्यामुळे त्या तासाला मी गोष्टच घेतो.

त्या दिवशी गॉथिक कथा, म्हणजे गूढ, भीतीची गोष्ट घेतली होती. आधी एडगर ॲलन पोच्या १८३९ सालच्या कथेतला अशर घराण्याचा वाडा सांगितला. छपरापासून खाली तळ्याच्या पाण्यापर्यंत नागमोडी उतरलेली, जेमतेम दिसणारी भेग मी फळ्यावर काढली. कथेच्या अखेरीस तीच भेग रुंदावते आणि वाडा तळ्यात जातो. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या चाळीला टेकू लावलेत तेही असंच." मला ते पटलं. पुढे काय होणार याची सूचना म्हणजे घरात पाल चुकचुकते तसंच. आपण 'कृष्ण कृष्ण' म्हणून जमिनीवर टिचकी मारतो. गॉथिक कथेतल्या माणसांना मात्र ती ऐकूच येत नाही.

मग डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ मधली 'द मंकीज पॉ', म्हणजे 'माकडाचा पंजा', वाचायला घेतली. बाहेर वादळी पाऊस, आत शेकोटी, बापलेक बुद्धिबळ खेळताहेत. बाप आपला राजा विनाकारण धोक्यात घालतो. चूक लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून तो मुलाचं लक्ष वाऱ्याकडे वळवू पाहतो. सगळी कथा त्या पटावर आधीच मांडून ठेवलेली आहे. हिंदुस्थानात नोकरी केलेला एक सार्जंट माकडाचा वाळलेला पंजा घेऊन येतो. त्यावर एका फकिराने मंत्र घातलेला असतो: तिघांच्या प्रत्येकी तीन इच्छा पुऱ्या होतील. बाप घरावरचं कर्ज फेडण्यापुरते दोनशे पाउंड मागतो. मुलगा हसून म्हणतो, पैसे काही दिसत नाहीत, आणि पैज लावतो, मला ते कधी दिसणारही नाहीत. वर्गही हसला. हे वाक्य मी दर वर्षी इथंच सोडून पुढे जातो, उगीच फोड करत नाही.

दुसऱ्या दिवशी घराबाहेर नव्याकोऱ्या रेशमी हॅटमधला एक अनोळखी माणूस घुटमळतो. तीनदा फाटकाशी थांबतो, तीनदा पुढे जातो, चौथ्यांदा आत येतो. इथं मी नेहमीचं सांगायला लागलो, की तीन इच्छा, तीनदा थांबणं, आकड्यांची जुळणी बघा. तेवढ्यात खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, "सर, पोरगा गेला."

त्याने पुढचं वाचलेलं नव्हतं. त्याच्याकडे पुस्तकच नव्हतं.

"कसं कळलं?"

"आमच्याकडे पण असाच आला होता. कारखान्यातला माणूस. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, नाक्यावर चहा घेतला, मग जिना चढला. चांगली बातमी असती तर एवढा वेळ कशाला लावला असता?"

त्याचा थोरला भाऊ कारखान्यात पॉवर प्रेसच्या यंत्रावर होता.

पुढचं वाचू का, असं मी त्याला विचारलं. तो 'वाचा' म्हणाला. आत आलेला माणूस पँटीवरचा कापसाचा कण उचलतो. मुलाला फार लागलंय, पण आता त्याला वेदना नाहीत, असं सांगतो. आई देवाचे आभार मानते आणि मगच तिला त्या शब्दांचा अर्थ उमगतो. मुलगा यंत्रात सापडलेला असतो. कंपनी जबाबदारी नाकारते, पण त्याच्या नोकरीची जाण ठेवून भरपाई देऊ करते: दोनशे पाउंड. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा राहिला होता.

इतकी वर्षं मी त्या फाटकापाशी आकडे मोजत होतो. तिथं एक माणूस उभा आहे आणि त्याला आत जायचा धीर होत नाहीये, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी आईच्या हट्टामुळे बाप दुसरी इच्छा मागतो, मुलगा परत येऊ दे. रात्री दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते आणि बाप अंधारात पंजा चाचपडत तिसरी इच्छा मागतो. ती काय होती, हे जेकब्सने लिहिलेलंच नाही. थाप थांबते, बाहेर रस्ता रिकामा असतो. बाप दुष्ट आहे का, यावर वर्गात वाद झाला. "त्याला येऊ दे की आईला भेटायला," असं मुलींचं म्हणणं होतं.

तो मुलगा हळूच म्हणाला, "बापाने बॉडी बघितलेली आहे ना? कपड्यांवरून ओळखली म्हणतो तो. आमच्या पप्पांनीही मम्मीला चेहरा बघू दिला नाही. ती अजून त्यांच्यावर रागावते."

घंटा झाली. सकाळची पाळी आहे म्हणून तो लगेच निघाला.

पुढच्या तासाला त्यानेच मागणी केली, गोष्ट पहिल्यापासून घ्या. मी घेतली. बुद्धिबळाच्या पटापाशी त्याने हात वर केला. "सर, थांबा. इथंच सांगितलंय की सगळं."